रिकामीच आहे, बोला

मंगळवार, रात्री साडेदहा. पाऊस सकाळपासून एकसारखा. लाइट आहे.

सकाळी सव्वानऊला पुण्याहून फोन आला, ज्यांच्यासाठी मी भाषांतरं करते त्यांचा. "कामात आहात का? नंतर करू?" असं त्यांनी आपणहून विचारलं. आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही नाही, रिकामीच आहे, बोला." समोर स्क्रीनवर पंपाच्या माहितीपुस्तिकेचं अर्धं वाक्य उघडं होतं. "इम्पेलर बसवण्याआधी शाफ्टवरची..." एवढ्यावर थांबलेलं. बोलणं चाळीस मिनिटं चाललं. फोन ठेवून ते वाक्य वाचलं तर पुढचं जे मनात तयार होतं ते गेलेलं. तेव्हापासून तो एक शब्द डोक्यातून हलत नाही. रिकामी.

मोकळी आहे, असंसुद्धा म्हणाले नाही मी. मोकळं वेगळं आणि रिकामं वेगळं. खळं मोकळं असतं, घागर रिकामी असते. मोकळ्या माणसाकडे वेळ असतो, तो त्याने कुणाला द्यायचा ते तो ठरवतो. रिकाम्यात कुणीही काहीही ओतावं.

आणि ओतलंच. १,८०० शब्द, उद्या संध्याकाळपर्यंत. तांत्रिक मजकूर तासाला ३०० शब्दांच्या वर नीट होत नाही; त्याहून वेग वाढला की बोल्ट आणि स्क्रू यांची अदलाबदल व्हायला लागते. म्हणजे भाषांतराचे निव्वळ सहा तास, उद्याचा अख्खा दिवस. दिवसाला २,००० शब्द धरायचे आणि त्यातही स्वतःचं वाचन दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी करायचं, तासाला साधारण १,००० शब्द, हा माझा हिशेब. तातडीच्या कामाला पाव ते निम्मा दर जास्त मागायची रीत आहे. ती मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण जी बाई सकाळी सव्वानऊला रिकामी बसली आहे ती तातडीचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार? त्यांनी काढलं नाही, मी काढलं नाही.

खिडकीतून समोर कुणगे, भाताचे तुकडे, दिसतात. लावणी चालू आहे. शेजारच्या काकींकडे आज सात माणसं होती, सगळी घोट्याच्या वर चिखलात, कमरेत वाकलेली. तरव्याच्या, भाताच्या रोपांच्या, मुठी एकीकडून दुसरीकडे उडत होत्या. आणि मी खुर्चीत बसून. आषाढात जो चिखलात नाही तो रिकामा, हे मला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच आहे. आईलाही लावणीच्या दिवसांत बसलेली मी पाहिलेली नाही. पाठ तिची गेली ती...

असो.

ताई आठ बाराची लोकल पकडते. तिला कधी कुणी रिकामी म्हणत नाही. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला जातो. मी नऊ तास काम करून माळ्यावरून खाली उतरते तेव्हा गॅसवाला आला होता का, हे मला विचारलं जातं. सगळ्या वाडीची पार्सलं आमच्या पडवीत. नारळ पाडायला माणूस आला की मोजायला मी. आज दुपारी हे सगळं आठवत बसले आणि रडू आलं, खरंच आलं. सहा वर्षं झाली. ह्या खोलीत काम चालतं हे पटवायला आणखी काय करायचं राहिलं आहे?

कारण केलं तर पुष्कळ आहे. तेच मोजत बसले.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ इथून गेलं आणि पुढे कितीतरी दिवस लाइट नव्हती, तेव्हा हातातलं काम गेलं. त्यानंतर पहिली सोय केली ती इन्व्हर्टरची. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. तिच्यातली निम्मीच वापरायची असा नियम ठेवला तर ती टिकते. म्हणजे ९००, आणि इन्व्हर्टरमध्ये जे वाया जातं ते सोडून हातात ७५० च्या आसपास. लॅपटॉप ६०, राउटर १२, एलईडी दिवा ९ आणि कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा ३० धरला तर १११ वॅट. साडेसहा तास निघतात. जुना पंखा ७५ वॅट घेतो, तो लावला की दीड-दोन तास कमी होतात. म्हणून पंखा आधी बदलला, बॅटरी नंतर घेतली. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पावसाआधी आणि दिवाळीनंतर बघायची, विहिरीचं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी घालायचं नाही.

तरी कॉल तुटायचे. लाइट गेली की राउटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा, त्यात दोन-तीन मिनिटं जायची. कारण समजायला वर्ष गेलं. इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक खटका असतो, तो इको मोडवर होता. यूपीएस मोडवर केला की बदल इतका झटकन होतो की राउटरला कळतही नाही. मात्र त्या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजबद्दल चोखंदळ होतो. संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली उतरलं की लाइट असूनही तो बॅटरीवर जातो, आणि रात्री लाइट जाईपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असते. म्हणून सात वाजता खटका परत इकोवर. खाली जाताना हात आपोआप तिथे जातो आता.

दुसरी लाइन मोबाइलची, आणि ती फायबरवाल्या कंपनीची नको. बराच वेळ लाइट नसली की टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात आणि दोन्ही एकदम जातात, हे जुलैत दोनदा तरी होतं. त्यामुळे रात्री झोपण्याआधी उद्याची फाइल, शब्दसूची आणि संदर्भाची चित्रं लॅपटॉपवर उतरवून ठेवायची. नेट असेल तर उत्तम, नसेल तर दुपारपर्यंत अडत नाही. वीज कडाडायला लागली की राउटरचा अडॅप्टर भिंतीतून उपटायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

अर्थिंगचं तर कुणी बोलतच नाही. आमच्याकडे खाली जांभा. एप्रिल-मेमध्ये तो इतका सुकतो की अर्थिंगचा खड्डा नावापुरता राहतो आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात. आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, मिठा-कोळशाची भर दोन-तीन वर्षांनी करायची. खाऱ्या हवेने यूएसबीची तोंडं हिरवी पडतात, ती वेगळीच कटकट. पावसाळ्यात लॅपटॉप रोज चालू ठेवायचा, आठ दिवस बंद राहिला की बुरशी धरते.

कॉल माळ्यावर घ्यायचा नाही. पुढच्या पत्र्यावर पाऊस पडला की माझंच मला ऐकू येत नाही. माजघरात बसायचं, दाराला गोधडी टांगायची, वायरचा हेडसेट लावायचा, माइक ओठांसमोर न ठेवता गालाच्या बाजूला दोन बोटांवर. सुरुवातीलाच सांगायचं, "इथे पाऊस आहे, आवाज गेला तर ठरलेलं सगळं मी मेलवर लिहून पाठवते." आणि लिहून पाठवायचंच, अर्ध्या तासात. किती शब्द, कुठला दर, कधी द्यायचं. शब्द मूळ इंग्रजीचे मोजायचे, मराठीचे नाहीत. आपल्या विभक्ती शब्दाला चिकटतात, तिकडचे तीन शब्द इकडे एक होतो. मराठीवर मोजलं तर काम तेवढंच आणि बिल कमी.

हे सगळं रिकामं माणूस करतं का?

पंपाच्या पुस्तिकेचं बघा. झालेल्या भागाच्या तपासणीत काल "दुसऱ्या बाजूने" सगळीकडे "विरुद्ध बाजूने" करायचं होतं. शोधा-बदला चालवलं, १४ ठिकाणं बदलली. मनाला पटेना, म्हणून डोळ्यांनी वाचलं तर आणखी नऊ जागी जुनंच. दिसायला अगदी तसंच "दुसऱ्या". पण त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलंत (पाय मोडायची खूण) देऊन, आणि दुसरा साध्या र ला हलंत आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्याला एक, संगणकाला दोन वेगळे शब्द. जुन्या फायलीतून आलेल्या ओळी दुसऱ्या तऱ्हेच्या होत्या. ते सगळे आधी एका तऱ्हेचे केले, मग शोधलं. ही नऊ तशीच राहिली असती तर बेअरिंग कुठल्या बाजूने बसवायचं याच्या दोन सूचना एकाच पुस्तिकेत छापल्या गेल्या असत्या. असल्या कामात सकाळचे तीन तास गेले आणि मी म्हणते, रिकामीच आहे.

तारांची सोय केली, बॅटरीची केली, कागदाची केली. छोट्या व्यवसायाची सरकारी उद्यम नोंदणी आहे. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. प्रत्येक बिलावर तो क्रमांक घालते, खाली एक ओळ, की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ, हे त्या कायद्यातच आहे. ६,२०० शब्द, समजा अडीच रुपयांनी, १५,५००. १० टक्के टीडीएस कापला तर १,५५० जाऊन १३,९५० खात्यात, आणि कापलेला कर खरोखर भरलाय का ते आयकराच्या साइटवर बघायचं. तिसाव्या दिवशी एक साधी आठवण, अडतिसाव्या दिवशी बिल पुन्हा जोडून दुसरी. हे मी लिहून करू शकते. बोलायची वेळ आली की तोंडून भलतंच येतं. सोय फक्त तोंडाची राहिली.

दुपारी तीनला रडून झाल्यावर खाली आले तर काकी पडवीत. अंगावर अजून चिखल. "गो, रिकामीच आसंस मां? वायच ह्यां फॉर्मार काय लिवलला ता वाच." तोच शब्द. आणि काकींच्या तोंडून तो मला लागलाच नाही. त्यांचा अर्थ एवढाच, की दोन्ही हात मोकळे आहेत का. त्या सकाळी सातला शेतात उतरल्या होत्या, साडेदहाला पेज प्यायला वर आल्या, परत उतरल्या. पेजेआधी त्यांना हाक मारायची माझी टाप नाही. वाडीत कुणाचीच नाही. आणि त्या काही दारावर वेळा लिहून लावत नाहीत.

मी मात्र सहा वर्षं घड्याळाच्या भाषेत सांगत आले. सात ते साडेदहा काम, अकरा ते एक काम. इकडे कुणाच्या ते लक्षात राहत नाही, आणि का राहावं? दार उघडं, माणूस आत, म्हणजे हाक मारायची. शेजार तसाच असतो, मला तसाच हवा आहे. तौक्तेच्या रात्री आमची कौलं उडाली तेव्हा ताडपत्री घेऊन आधी कोण आलं होतं?

फॉर्म वाचून दिला. मग म्हटलं, "काकी, उद्यापासून सकाळी हाक मारशात तर मी पेजेच्या वेळेक येतंय. पेजेपर्यंत माझी लावणी." त्या हसल्या नाहीत, काही विचारलंही नाही. "बरां," म्हणाल्या, आणि खळ्यातून गेल्या.

त्या "बरां"ने दिवसभराचं ओझं अर्धं उतरलं. अर्धं अजून आहे, पुण्याचं. तिकडे पेजेचं चालणार नाही. मेल लिहायला घेतली आहे: "सकाळी ७ ते १०.३० मी भाषांतराला बसते, तेव्हा फोन घेत नाही. ११ नंतर जरूर करा. काल सांगितलेले १,८०० शब्द आज संध्याकाळी ७ पर्यंत देते. हे तातडीचं काम असल्याने दर पाव पट जास्त लागेल. पंपाची पुस्तिका त्यामुळे शुक्रवारऐवजी शनिवारी दुपारी." आधी "क्षमस्व" लिहिलं होतं. खोडलं. मग पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

आणि शाफ्टचं आठवलं. "इम्पेलर बसवण्याआधी शाफ्टवरची चावी खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री करा." चावी की कळ, हे शब्दसूचीत उद्या बघायचं.

मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. सकाळी सातच्या आधी पाठवायची. इन्व्हर्टर टिक झाला आत्ता, काकींकडचा दिवाही गेला. बॅटरी भरलेली आहे.