मास्टरांची यादी, टप्पा तिसरा: लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया

फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखेला लॉज म्हणतात आणि लॉजच्या अध्यक्षाला मास्टर. मुंबईच्या अशा एका लॉजच्या मास्टरांची ही यादी: पक्की नावं शाईत, कच्ची पेन्सिलीत. या टप्प्यात यादीत एकही नवं नाव वाढलेलं नाही. उलट आधी शाईत गेलेली काही नावं परत पेन्सिलीत आली आहेत. नियम आता असा आहे: शाईत जायचं तर त्या काळातले, तारीख असलेले, एकमेकांवरून न उतरवलेले दोन कागद हवेत. शेवटची अट सगळ्यात जाचक आहे. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात आलेला वृत्तांत बहुधा लॉजच्या सेक्रेटरीनेच लिहून पाठवलेला असतो, आणि लंडनचं मेसॉनिक साप्ताहिक तोच कात्रण काढून छापतं. हे तीन कागद दिसतात, पण पुरावा एकच. सेक्रेटरीने आद्याक्षर चुकवलं असेल तर ते तिन्हीकडे सारखंच चुकलेलं सापडतं आणि आपण निर्धास्त होतो.

भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांच्या फलकाला त्यामुळे अर्धाच पुरावा धरतो. असे फलक अनेकदा फार नंतर, एका दमात रंगवलेले असतात. जुन्या वर्षांची अक्षरं आणि नव्या वर्षांची अक्षरं एकाच हाताची दिसली तर समजायचं की वरचा भाग जुन्या कागदांवरून किंवा नुसत्या आठवणीवरून भरला आहे.

नव्याने सामील झालेल्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात. मुंबईत पहिलं लॉज १७५८ चं, इंग्लंडच्या यादीत क्रमांक २३४. १७६४ मध्ये जेम्स टॉड मुंबईचे प्रोव्हिन्शियल ग्रँड मास्टर, म्हणजे प्रांतातल्या लॉजेसचे प्रमुख, झाले. हा सगळा गोऱ्यांचा मामला. माणकजी खरशेदजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉज पर्सिव्हरन्सने प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी थेट पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. परत आल्यावर प्रश्न उभा राहिला की दीक्षा घेतलेल्या बंधूला बसवायचं कुठे. त्यावर स्कॉटिश बाजूचे प्रांतप्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी काढलेला तोडगा म्हणजे १८४३ चं रायझिंग स्टार: स्कॉटिश घटनेखालचं, हिंदी लोकांना दार उघडणारं लॉज. ३४२ एस.सी. हा त्याचा क्रमांक. एस.सी. म्हणजे स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशन. सुप्रीम कोर्टाशी गल्लत नको.

पहिला रकाना घटनेचाच हवा, नावाचा नाही. घटना म्हणजे लॉज कोणत्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे वरच्या मध्यवर्ती संस्थेच्या, छत्राखाली आहे ते. इंग्लिश (ई.सी.), स्कॉटिश (एस.सी.), आयरिश (आय.सी.) आणि १९६१ नंतर ग्रँड लॉज ऑफ इंडिया, असे चार पर्याय. ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. काही लॉजेस तिकडे गेली, त्यांना नवे क्रमांक मिळाले. काही जुन्याच छत्राखाली राहिली. त्याच्याही आधी स्थलांतरं झाली आहेत. खुद्द पर्सिव्हरन्स मुळात इंग्लिश होतं, नंतर स्कॉटिश झालं. म्हणून ‘पर्सिव्हरन्स, मुंबई’ एवढंच लिहिलेलं कार्ड निरुपयोगी. वर्ष, घटना आणि त्या वर्षीचा क्रमांक हे तिन्ही लागतात.

क्रमांकांचा घोळ इंग्लिश बाजूला जास्त आहे. बंद पडलेल्या लॉजेसच्या जागा भरून काढायला लंडनने यादी वेळोवेळी नव्याने मोजली: १७७०, १७८०-८१, १७९२, दोन ग्रँड लॉज एक झाल्यावर १८१४, मग १८३२ आणि शेवटी १८६३. त्यामुळे १८५० च्या कागदावरचा इंग्लिश क्रमांक १८७० च्या कागदावर दुसऱ्याच लॉजचा असू शकतो. १८६३ च्या आधीचा क्रमांक कार्डावर नेहमी वर्षासकट लिहा. स्कॉटलंडच्या यादीतही क्रमांक हलले आहेत, तेव्हा ३४२ हा आकडा जुन्या कागदावर दिसला नाही म्हणून कागद टाकून देऊ नका.

घटना आधी का, त्याचं दुसरं कारण पदव्यांत आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच निघाल्या. इंग्लिश लॉजचा अध्यक्ष ‘वर्शिपफुल मास्टर’, म्हणजे डब्ल्यू.एम. स्कॉटिश लॉजचा अध्यक्ष ‘राइट वर्शिपफुल मास्टर’, म्हणजे आर.डब्ल्यू.एम. इंग्लिश पद्धतीत मात्र ‘राइट वर्शिपफुल’ हा मान डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टरसारख्या वरच्या माणसाचा. इंग्लिश कागदांची सवय झालेला वाचक रायझिंग स्टारच्या वृत्तांतात ‘आर.डब्ल्यू. ब्रदर अमुक’ वाचतो आणि त्याला लॉजचा साधा मास्टर न मानता प्रांताच्या रकान्यात टाकतो. मास्टरांच्या रकान्यात भोक पडतं आणि प्रांताच्या रकान्यात एक भूत वाढतं. ‘डेप्युट मास्टर’ आणि ‘सब्स्टिट्यूट मास्टर’ ही पदंही स्कॉटिश लॉजची. सब्स्टिट्यूट मास्टर म्हणजे त्या वर्षीचा बदली मास्टर नव्हे. ते नेमलेलं, मास्टर आणि डेप्युटखालचं पद आहे. कागदावर हे दोन शब्द दिसले की लॉज स्कॉटिश, हे निःशंक. मिनिट बुकात (सभांच्या नोंदवहीत) मार्क डिग्री, म्हणजे दीक्षेची एक जादा पायरी, साध्या लॉजमध्येच दिलेली दिसली तरी तोच निष्कर्ष, कारण इंग्लिश बाजूला १८५६ पासून मार्कची ग्रँड लॉज वेगळी आहे.

‘प्रोव्हिन्शियल’ आणि ‘डिस्ट्रिक्ट’ यांतही पाहा. परदेशातल्या इंग्लिश प्रांतांना १८६६ पासून डिस्ट्रिक्ट म्हणू लागले. १८६० च्या मुंबईत इंग्लिश ‘डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टर’ सांगणारा मजकूर नंतर लिहिलेला आहे.

बर्न्स यांच्यासाठी तर स्वतंत्र पान ठेवावं लागलं. तेच ‘डॉ. बर्न्स’, तेच ‘शेव्हॅलियर बर्न्स’, आणि नावापुढे के.एच. असेल तर तेही तेच, कारण त्यांना हॅनोव्हरचा ग्वेल्फिक ऑर्डर मिळाला होता. १८३६ पासून पश्चिम हिंदुस्थानचे स्कॉटिश प्रोव्हिन्शियल ग्रँड मास्टर, १८४६ पासून साऱ्या हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजेसचे प्रमुख, १८४९ मध्ये मायदेशी. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे भाऊ. जुन्या सूचीत दोघांची पानं एकत्र झालेली आढळतात. प्रांतप्रमुखाचं नाव प्रत्येक वृत्तांताच्या डोक्यावर येतं, त्यावरून तो त्या लॉजचा मास्टर ठरत नाही. ड्यूक ऑफ कनॉट यांचंही तसंच. मुंबई सेनेचे सरसेनापती असताना (१८८६-९०) ते इंग्लिश बाजूचे डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टरही होते. राजपुत्राचं नाव मथळ्यात असलं, तरी सभा चालवणारा कोण हे खालच्या बारीक टायपात शोधायचं.

आता पारशी नावं. भायखळ्याचा ‘खडा पारशी’ सगळ्यांना माहीत आहे. तो पुतळा खरशेदजी माणकजी यांचा, आणि तो उभारणारे त्यांचे चिरंजीव माणकजी खरशेदजी, म्हणजे आपल्या लॉजचेच. बापाचं नाव उलटलं की मुलगा! आडनाव श्रॉफ, पण त्या काळच्या कागदांत ते क्वचितच दिसतं. त्यात इंग्रजी स्पेलिंग: खरशेदजी हे नाव निदान पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेलं मिळतं, सुरुवात कधी ‘सी’ने, कधी ‘के’ने. वर जुन्या छपाईची संगणकाने केलेली अक्षरओळख शेवटच्या ‘जी’चा चिखल करते. म्हणून संपूर्ण नाव टाकून शोधू नका. पहिली पाच अक्षरं टाकून बाकीच्यासाठी तारांकन ठेवा, दोन्ही आद्याक्षरांनी वेगवेगळं शोधा आणि प्रत्येक निकालाचं चित्र डोळ्यांनी बघा. कार्डावर नाव कागदात आहे तसंच उतरवायचं. ‘शुद्ध’ रूप वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकाच रकान्यात घातली की मागे परतायची वाट बंद होते. मराठी वर्तमानपत्रांत ‘लॉज’ शब्दाने शोधणं तर सोडूनच द्या, लॉजिंग-बोर्डिंगच्या जाहिरातींशिवाय हाती काही लागत नाही. ‘फ्रीमेसन’ किंवा लोकांच्या तोंडचं ‘जादूघर’ टाका.

वर्षांकडे वळू. मास्टरची कारकीर्द एक वर्षाची, पण ते कॅलेंडरचं वर्ष नव्हे. इन्स्टॉलेशन, म्हणजे मास्टरचं पदग्रहण, २७ डिसेंबरच्या सेंट जॉनच्या दिवसाला जोडून झालं असेल, तर ‘१८८४ चा मास्टर’ आणि ‘१८८५ चा मास्टर’ हा एकच माणूस असू शकतो: एका सूचीत निवडीचं साल, दुसरीत कामाचं. रकान्यात ‘इन्स्टॉलेशनची तारीख’ लिहा, नुसतं साल नको. पदकांवर आणि सनदांवर मेसॉनिक सालंही येतात. ए.एल. असेल तर ४००० वजा करा: ५८४३ म्हणजे १८४३. रॉयल आर्च या मेसनरीतल्या वेगळ्या शाखेच्या वस्तूवर ए.आय. असेल तर ५३० वजा. नाइट टेम्प्लर या आणखी एका शाखेच्या ए.ओ.मध्ये मात्र १११८ मिळवायचे. ७७२ हा आकडा बघून दचकू नका, ते १८९० आहे.

जयंतीच्या आकड्यांवरून मागे मोजत जाऊ नये. के. आर. कामा (१८३१-१९०९) रायझिंग स्टारमध्ये १८५४ ला आले. त्यांच्या मेसनरीतल्या पन्नाशीनिमित्त जीवनजी जमशेदजी मोदी यांनी संपादित केलेला ग्रंथ मुंबईत १९०७ ला निघाला. मुखपृष्ठावरच्या सालातून ५० वजा केले तर १८५७ येतं, तीन वर्षांनी चूक. लॉजच्या स्थापनेतही तीन तारखा असतात: अर्ज, सनद आणि विधिवत प्रतिष्ठापना. स्कॉटिश सनदेला चार्टर म्हणतात, इंग्लिशला वॉरंट. तिन्हींना तीन रकाने.

कागद कुठे मिळतील? इंग्लंडच्या ग्रँड लॉजची सभासद-पुस्तकं (१७५१-१९२१) वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळांवर आहेत. वय, धंदा आणि तिन्ही डिग्रींच्या (दीक्षेच्या पायऱ्यांच्या) तारखा त्यांत मिळतात. पण रायझिंग स्टारचा माणूस तिथे सापडणार नाही, कारण लॉज स्कॉटिश. ‘सापडला नाही म्हणजे मेसन नव्हता’ असं लिहिलेलं एक कार्ड याच कारणाने फाडावं लागलं. उलट दादाभाई नवरोजी तिथे शोधायचे, कारण ते मेसन झाले लंडनच्या लॉजमधून. त्यांना मुंबईच्या यादीत कोंबू नका. लंडनची मेसॉनिक नियतकालिकं, विशेषतः १८६९ पासूनचा ‘फ्रीमेसन’, फुकट शोधता येतात. बातमी बोटीने जायची, म्हणून सभेच्या तारखेनंतरचे निदान दोन महिन्यांचे अंक चाळा. टाइम्सच्या फायली १८३८ पासून, तेव्हा नाव ‘बॉम्बे टाइम्स’. १८६१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’. टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत जुन्या डिरेक्टऱ्या बघताना लक्षात ठेवा, डिरेक्टरी वर्षाच्या सुरुवातीला निघते, त्यामुळे तिच्यातला मास्टर बऱ्याचदा आदल्या वर्षीचा असतो.

पत्ते: आजचा फ्रीमेसन्स हॉल फोर्टात डी. सुखडवाला रोडवर आहे. जुन्या कागदांत हाच रस्ता रेव्हलिन स्ट्रीट; रेव्हलिन म्हणजे तटाबाहेरचा बुरूज. हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड आणि मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर रोड, हे दोन पाठ असले की बरंच काम भागतं.

मिनिट बुक लॉजची खाजगी मालमत्ता आहे. सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि त्यात ठरावीक वर्षं व फक्त पदाधिकाऱ्यांच्या नोंदी मागा. विधींचा मजकूर मागितलात की दार बंद. जिवंत सभासदांची नावं यादीत घ्यायची नाहीत. पुस्तक १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका, दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा. फ्लॅश नको, खिडकीचा बाजूने येणारा उजेड उत्तम. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. दमट हवेत जुनी पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईचा पापुद्रा निघतो.

पदकांनी दोन गाठी सोडवल्या. पदाची खूण गवंड्याच्या हत्यारांत असते: मास्टरचा गुण्या, सिनियर वॉर्डनची पाणसळ, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा, सेक्रेटरीच्या एकमेकांवर तिरक्या दोन लेखण्या. माजी मास्टरच्या इंग्लिश पदकावर गुण्याखाली युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७ वं प्रमेय लटकतं. स्कॉटिश पदकावर कंपास, गुण्या, वर्तुळाचा तुकडा आणि सूर्य. मागे नाव कोरलेलं असेल तर घाई नको, आधी चांदीचा शिक्का वाचा. जहाजाचा नांगर म्हणजे चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली, आणि त्याशेजारचं अक्षर म्हणजे साल. हे अक्षर तिथे जुलैत बदलायचं, लंडनमध्ये मेमध्ये, त्यामुळे एक अक्षर दोन सालांत पसरतं. शिक्क्याचं साल कोरलेल्या सालाच्या नंतरचं निघालं तर पदक पुढे बनवून घेतलेलं आहे आणि दुसरा कागद म्हणून ते चालत नाही. शिक्का दिसत नसेल तर टॉर्च जवळजवळ आडवी धरा. ब्रासो लावू नका, सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि शिक्क्याच्या कडा पहिल्या निघतात.

पुढच्या टप्प्यात १८४३ ते १८४९ एवढंच. प्रत्येक वर्षासाठी आर.डब्ल्यू.एम., डेप्युट आणि सब्स्टिट्यूट अशी तीन कार्डं, आणि बर्न्स यांचं नाव आलेला प्रत्येक कागद ‘लॉज’ की ‘प्रांत’ असा शिक्का मारून वेगळा.