फिन ६ : टाचेकडची घसरण अखेर सापडली

मंडळी, सापडलं! (नव्यांसाठी: आम्ही विंचच्या, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, ओढीवर वेकबोर्ड चालवतो. ही पाण्यावर उभं राहून चालवायची फळी. फिन म्हणजे तिच्या बुडाला लावलेलं पकडीचं पातं, आणि फिन ६ हा माझा सहावा प्रयत्न.) तीन महिने जिने जीव खाल्ला त्या टाचेकडच्या घसरणीचं कारण मागच्या रविवारी रात्री घरामागे, धुण्याच्या टबात सापडलं. काल उजनीच्या बॅकवॉटरवर खात्री करून आलो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मागचे भाग वाचलेल्यांना रडगाणं पाठ आहे. पायाच्या बोटांकडच्या कडेवर बोर्ड रुळावर असल्यासारखा चालायचा. टाचेच्या कडेवर भार दिला की दोन-तीन सेकंद धरायचा आणि मग मागचं टोक एका झटक्यात सुटायचं. फिन ४ च्या वेळी वाटलं, फिनच तिरकी बसलीय. दोरा लावून मापली, सरळ होती. फिन ५ दहा मिलिमीटर खोल केली, तर घसरण उशिरा यायला लागली पण आली की जास्त जोरात. मग उभं राहण्याची पद्धत बदलून पाहिली, बाइंडिंग, म्हणजे पाय अडकवायची पकड, एक भोक मागे घेतलं. काही फरक नाही.

पहिला धागा मिळाला तो अदलाबदलीतून. पुढची फिन मागे आणि मागची पुढे लावली. दोष फिनबरोबर जायला हवा होता, गेला नाही. मग उलट्या पायाने, म्हणजे बोर्डाचं दुसरं टोक मागे ठेवून चालवलं, तर टाचेकडेही पकड पक्की. म्हणजे फिन निर्दोष आणि माझे पायही निर्दोष, खोट बोर्डाच्या एका टोकात.

दुसरा धागा आवाजाचा. फिन ६ गुणगुणते हे मागे लिहिलं होतं. तिची मागची धार ३ मिलिमीटर जाड आहे. सेकंदाला ८ मीटर वेगाला धारेमागे जे भोवरे सुटतात त्यांचा हिशेब ०.२ हा ठरलेला आकडा गुणिले वेग ८ भागिले जाडी ०.००३ मीटर, म्हणजे सेकंदाला ५३० च्या आसपास कंपनं. ती गुणगुण कानाला स्पष्ट लागते. भाचा विंचवर असतो, मी दोरीवर. एका फेरीत लक्षात आलं की घसरण्याच्या अगदी आधी गुणगुण बंद पडते. पाय अजून घट्ट, बोर्ड अजून धरलेला, पण आवाज गेलेला. पाण्यात असलेली फिन अचानक गप्प कशी होईल? तिच्याभोवती पाणीच उरलं नाही तर. हवा शिरत होती.

व्हेंटिलेशन, म्हणजे फिनला हवा लागून पकड जाणं, आपल्याला नवं नाही, पण मी हवा कडेने, पाण्याच्या पृष्ठभागावरून येते असं धरून बसलो होतो. म्हणून तर फिन खोल करत सुटलो. टाचेवर कड धरली की दोरी बोर्डाला बोटांच्या दिशेला ओढते, पाणी फिनच्या बोटांकडच्या अंगावर दाबतं आणि टाचेकडच्या अंगावर दाब कमी होतो, ओढ तयार होते. फिन ६ चं क्षेत्रफळ ४८ चौरस सेंटीमीटर. ८ मीटर वेगाला, लिफ्टचा, म्हणजे फिनवर आडव्या पडणाऱ्या जोराचा, गुणांक ०.५ धरला तर साधारण ७७ न्यूटन, म्हणजे पावणेआठ किलोची पकड. त्या ओढीला जवळ कुठे हवा मिळाली की ती शोषून घेणार आणि पकड त्याच क्षणी संपणार.

आता हवा कुठून? आपले स्क्रू वरून, डेकवरून आरपार खाली फिनमध्ये जातात. मागच्या वर्षी दगडावर आपटून या टोकाचं एक भोक फाटलं होतं. मी ते इपॉक्सीने भरून ७ मिलिमीटरचं पाडलं. स्क्रू एम ६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा. एक मिलिमीटरची मोकळीक, थेट डेकवरच्या हवेपासून फिनच्या बुडापर्यंत.

रविवारी रात्री मागचं टोक टबात बुडवलं, स्क्रूच्या डोक्यावर रबरी नळी दाबून धरली आणि भाच्याला सायकलच्या पंपाने हवा मारायला सांगितली. पंक्चर काढताना बघतो तसं बघत बसलो. तिसऱ्या दाबाला तो म्हणाला, "मामा, बुडबुडे एकाच बाजूनं येताहेत." फिनच्या बुडापासून मोत्यांच्या सरीसारखी बारीक रांग, फक्त टाचेकडच्या अंगाने. बॅटरी लावून पाहिलं तर त्या बाजूला बोर्डाचा तळ किंचित उडालेला, कागद सरकेल एवढी फट. बोटांकडे फिन चिकटून बसलेली. तिथून हवेला वाटच नव्हती, म्हणून ती कड कधीच घसरली नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी पंप मारमारून ते बुडबुडे दहा वेळा तरी पाहिले असतील.

उपाय दहा रुपयांचा. जुन्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूच्या डोक्याखाली घातले, फिनच्या बुडाखाली त्याच ट्यूबची पट्टी, वर थोडं ग्रीस. काल चौदा फेऱ्या मारल्या, जमेल तिथे टाचेवर. एकदाही सुटला नाही. नवव्या फेरीत तर शेवटपर्यंत गुणगुण अखंड ऐकत गेलो, डावीकडे तुषारांची भिंत उभी. ते सुख तुम्हाला वेगळं सांगायला नको. विंच मंदावल्यावर पकड ढिली होते, पण ते वेगाच्या वर्गाचं गणित आहे: ६ मीटरला तीच फिन साडेचार किलोसुद्धा धरत नाही.

सामानाबद्दल दोन शब्द. मागाच्या पिकरचं, म्हणजे धोट्याला टोला देणाऱ्या भागाचं, पांढरं प्लास्टिक, यूएचएमडब्ल्यू नावाचं चिवट पॉलिथिन, याच्यावर माझा जीव जडलाय. सोलापुरात भंगारात निघालेल्या मागांबरोबर मिळतं, दगडावर आपटलं तरी तुकडा पडत नाही, आणि पाण्यापेक्षा हलकं असल्याने फिन सुटली तर तरंगते. पॉलिश पेपर मात्र लावू नका, केस निघतात. धारदार रंध्याने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडा. पीएलएची (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकची) प्रिंट केलेली फिन ३ एप्रिलमध्ये बंद गाडीत कशी वाकली ते आठवत असेलच. आपल्या उन्हात त्या वाटेला जाऊच नये. आणि ऑनलाइन मागवलेले 'स्टेनलेस' स्क्रू दोन खेपांत तांबूस झाले. हार्डवेअरच्या दुकानात हातात घेऊन, पारखून घेतलेलेच बरे.

फिन ७ ची ५५ मिलिमीटर खोलीची आखणी रद्द. हवा बंद झाल्यावर खोलीची गरजच उरत नाही, उलट ४० वर येतो. उन्हाळ्यात धरण उणे टक्क्यांत गेलं की काठाला दगड उघडे पडतात, शिवाय चिलापी माशांसाठी लावलेली जाळी आहेतच. उथळ फिन आणि जास्त मागे झुकलेली पुढची धार, म्हणजे जाळं घसरून जाईल. कोळी लोकांचं जाळं फाडून आपला छंद करायचा नाही हे ठरलेलं आहे, तसंच रोहित पक्षी उतरतात त्या उथळ बाजूला विंच लावायची नाही हेही.

हे लिहितानाच एक सुचलं. वेगळी पट्टी कशाला? पिकरचं प्लास्टिक मऊ आहे. फिनच्या बुडाला कडेने अर्धा मिलिमीटरचा उंचवटा ठेवला तर स्क्रू आवळताना तोच दबून सील होईल. हे प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, म्हणून दर खेपेला स्क्रू पुन्हा आवळावे लागतील, तेवढं चालेल. मागची धार एका अंगाने तिरकी कापून गुणगुण घालवायचा विचार होता, तो सध्या बाजूला. सील टिकतंय की नाही हे तीच सांगणार आहे. ठोकळा उद्याच मिलिंगवाल्या काकांकडे टाकतो.