भाडेकरू जागा सोडत नाही

पाषाणहून घरी येताना रिक्षावाल्याने विचारलं, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं: "मॅग्नेशियममध्ये हायड्रोजन भरता म्हणे, मग त्यावर गाडी का चालत नाही?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

हायड्रोजन मावतो भरपूर. मॅग्नेशियम आणि हायड्रोजन मिळून होणाऱ्या मॅग्नेशियम हायड्राइडच्या वजनात ७.६ टक्के हायड्रोजन असतो, आणि लिटरमागे भरतो सुमारे ११० ग्रॅम. उणे २५३ अंशांवरच्या द्रवरूप हायड्रोजनमध्ये लिटरला ७१ ग्रॅमच. रडगाणं आहे ते बाहेर काढण्याचं. सदाशिव पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू आठवा, तसा हा आत मुरलेला. साध्या वातावरणीय दाबाला बाहेर यायला त्याला २८० अंशांच्या आसपास ऊब लागते. एका मोलमागे, म्हणजे दोन ग्रॅम हायड्रोजनमागे, सुमारे ७५ किलोज्यूल. तोच मोल जाळून मिळतात २४२, म्हणजे तीस टक्के त्याची मनधरणी करण्यातच गेले. गाडीतला नेहमीचा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारी पेटी, तापतो ८० अंशांपर्यंत, त्याची ऊब इथे कुठे पुरणार?

माझे विद्यार्थी बॉल मिलमध्ये (पोलादी गोळ्यांच्या चक्कीत) पावडर दळतात, उत्प्रेरक म्हणून चिमूटभर नायोबियम ऑक्साइड घालतात, आणि हायड्रोजन सुटण्याचा आलेख सरसर चढला की खूश होतात. त्यांचा आनंद मला मोडवत नाही, पण मोडावा लागतो. दार रुंद केलं की निघणारा लवकर निघतो. निघायची इच्छा त्याने वाढत नाही.

ती वाढवायची तर घरातच कुणीतरी नकोसं आणून बसवावं लागतं. १९६८ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत रायली आणि विसवॉल यांनी मॅग्नेशियमबरोबर निकेल बसवलं. पकड ढिली झाली, मोलमागे सुमारे ६४ किलोज्यूल, तापमान २५० च्या आसपास. पण निकेल जड, त्यामुळे साठा ७.६ वरून ३.६ टक्क्यांवर आला. लोखंड घालून पाहावं, तर साठा ५.५ टक्के राहतो, पण पकड काही सुटत नाही. सिलिकॉनची तर वेगळीच तऱ्हा: हायड्रोजनला कमी उष्णतेत हुसकावतो (मोलमागे ३६ किलोज्यूल पुरतात!), पण एकदा बाहेर पडला की पुन्हा आत घ्यायचं नाव नाही. कागदावर मला सगळ्यात आवडलेली जोडी हीच, आणि तिनेच सगळ्यात जास्त रडवलं.

त्यात ही पावडर हवेला लागली की ऑक्साइडची साय धरते. म्हणून ती ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, हाताळतो. एकदा त्या पेटीच्या हातमोज्याला बारीक भोक पडलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तीन आठवड्यांचं दळण वाया गेलं. भोक माझ्याच अंगठीचं होतं. आता अंगठी घरी ठेवून येते.

म्हणून गाडीचं स्वप्न मी केव्हाच सोडलं. भट्टीशेजारी, जिथे तीनशे अंशांची उष्णता नाहीतरी चिमणीतून वाया जाते आणि टाकीचं वजन कुणी मोजत नाही, तिथे मात्र या पावडरीला काम आहे. रिक्षावाल्यालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, सीएनजीची रांग काही चुकत नाही."