बंबाच्या पाईपातलं डांबर

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आंघोळीचं पाणी अजून बंबावरच तापतं. गीझर आहे, पण त्या पाण्याला बंबाची सर नाही असं आईचं ठाम मत. खरं सांगायचं तर माझंही. न्हाणीघर घराच्या आत, म्हणून बंबाच्या डोक्यावर पत्र्याचा पाईप बसवून भिंतीतून बाहेर काढलाय.

गेल्या वर्षी जुलैत त्या पाईपाच्या सांध्यातून काळा चीक ठिबकायला लागला. मला वाटलं, पावसाचं पाणी आत शिरून काजळी विरघळत असणार. वरची टोपी बदलली. ठिबकणं काही थांबलं नाही, उलट धूर न्हाणीघरात परतायला लागला आणि आईचं डोकं रोज सकाळी दुखायला लागलं. बंद खोलीत असा धूर कोंडणं जिवावर बेतू शकतं, तरी मी ‘रविवारी बघू’ म्हणत दोन रविवार घालवले.

मग एका पहाटे आईनं नारळाच्या वाळक्या शेंड्या घालून मोठा जाळ केला. थोड्या वेळानं पाईपातून ट्रक घाट चढताना येतो तसा घरघराट सुरू झाला. पहिल्या एल्बोचा, म्हणजे वळणाच्या तुकड्याचा, पत्रा लालबुंद! मी बादली उचलली तेवढ्यात शेजारचे काका धावत आले. “पाणी मारू नगंस! वाफ तोंडावर यील. आधी दारं लाव.” लाकडं घालायचं दार आणि खालचं राखेचं दार, दोन्ही गच्च लावली. हवा तुटली तसा आवाज हळूहळू बसला. बंब पाण्यानं भरलेला होता हे नशीब, नाहीतर त्याचे सांधेच सुटले असते.

पाईप गार झाल्यावर उद्यमनगरातून पत्र्याचं काम करणारे मिस्त्री आणले. त्यांनी तुकडे सुटे करून एकेक माझ्यापुढं धरला. वरच्या तुकड्यात बोटानं झडणारी भुसभुशीत काजळी. मधल्यात कुरकुरीत काळ्या खपल्या. आणि आडव्या तुकड्यात, जो जळण्यातून वाचला होता, काचेसारखा चकचकीत थर. तो तारेच्या ब्रशला दाद देईना. एवढं सगळं एकाच पाईपात. हेच क्रिओसोट, आणि त्या पहाटे पाईपात पेटलं होतं तेही हेच. मिस्त्री त्याला सरळ डांबर म्हणतात.

लाकडातून आधी डांबराची वाफ निघते. ती जाळातच जळून गेली तर प्रश्न नाही. पण विस्तव धुमसत राहिला तर ती तशीच वर जाते आणि नळी साधारण 120 अंशांपेक्षा गार असेल तिथं चिकटते. बंबाची मधली नळी तर चारी बाजूंनी पाण्यात बसलेली, म्हणजे ती शंभराच्या फार वर जातच नाही. म्हणजे बंबात हा चीक धरणारच. किती धरायचा, ते मात्र आपल्या हातात असतं, आणि तिथंच माझी चूक होती. रात्री दोन ओले ओंडके सारून राखेचं दार जवळजवळ बंद करायचं, म्हणजे सकाळपर्यंत पाणी कोमट राहतं, ही माझीच युक्ती. जळण वाचतं म्हणून मी ती चार लोकांना सांगितलीही होती!

मिस्त्रींनी आणखी एक दाखवलं. पाईप उलटा जोडलेला. वरच्या तुकड्याचं निमुळतं तोंड खालच्याच्या आत जायला हवं, म्हणजे ओघळ आतल्या आत राहून खाली जळतो. आमच्यात खालचा वरच्यात घुसवलेला, त्यामुळं सगळं बाहेर भिंतीवर. पूर्वी कुणी बसवला ते विचारू नका, तो माणूस नात्यातला आहे.

चकचकीत थराचा तुकडा आणि तापून वाकलेला एल्बो भंगारात गेला. बाकी नळी बांबूला काथ्या आणि तारेचा ब्रश बांधून वरून खाली घासली. अर्धं घमेलं भरलं. आडवा भाग काढून टाकला, काटकोनी एल्बोच्या जागी तिरपे बसवले. टोपीची बारीक जाळी चिकटून बंद झाली होती, तीही काढली.

पावसाळा कसाबसा चिपाडांवर काढला. यंदा मार्चमध्येच लाकडं फोडून पत्र्याखाली रचली. एका ओंडक्यावर खूण केली होती: मार्चात 2 किलो 300 ग्रॅम, मेअखेर 1 किलो 850, त्यानंतर वजन हललं नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की आता खणखणतात. विस्तव लहान करतो पण मोकळा ठेवतो. रात्रीचे ओंडके बंद, म्हणून सकाळी अर्धा तास आधी उठावं लागतं.

परवा पाईप उघडला तर आत करडी भुकटी, नखभरही नाही. भिंतीवरचा डाग मात्र दोनदा चुना मारला तरी परत वर आलाय.