पोर्शे ९१७ के : मॉडेलची पारख शेपटीवरून

माझ्या संग्रहातील १:१८ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढ्या, मॉडेल्सपैकी माझा जीव सर्वाधिक जडला आहे तो पोर्शे ९१७ के या गाडीवर. २३ क्रमांकाच्या अशाच खऱ्या लाल-पांढऱ्या गाडीने हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड या चालकांनी १९७० साली फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत भर पावसात जिंकली आणि पोर्शेला तेथील पहिले सर्वसाधारण विजेतेपद मिळवून दिले.

नवे मॉडेल हाती आले की बहुतेकांची नजर आधी रंगाच्या चकाकीवर जाते. मी मात्र आधी मागची बाजू पाहतो, कारण या गाडीचे सारे मर्म तिच्या शेपटीत आहे. १९६९ मध्ये ९१७ वेगवान होती, पण अधिक वेगात ती इतकी अस्थिर होई की कसलेले चालकही तिला बिचकत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात चाचण्या चालू असताना अभियंता जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आले की, गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिरडून चिकटली आहेत, शेपटीवरच्या पट्ट्या मात्र स्वच्छ आहेत. म्हणजे हवेचा झोत तिथपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा ॲल्युमिनियमचे पत्रे जोडून तिथल्या तिथे आखूड, मागे वर चढत जाणारी शेपटी बनवली गेली आणि गाडी ताळ्यावर आली. नावातला ‘के’ याच आखूड (जर्मनमध्ये ‘कुर्त्स’) शेपटीचा. मॉडेलमध्ये हा चढ जरासा जरी सपाट झाला, तरी बाकीची कारागिरी कितीही सुबक असो, ती गाडी ९१७ के वाटत नाही.

आकाराच्या नेमकेपणात रेझिनचे मॉडेल बहुधा सरस ठरते, पण त्याची दारे उघडत नाहीत. डायकास्टमध्ये, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या मॉडेलमध्ये, दारे आणि मागचे झाकण उघडता येते. मात्र खऱ्या गाडीचे फायबरग्लासचे कवच दोन मिलिमीटर जाड धरले, तरी ते या प्रमाणात जेमतेम ०.११ मिलिमीटर व्हायला हवे आणि तितके पातळ ओतकाम शक्य नसल्याने दाराच्या कडा जाडच दिसतात. तरीही माझे मत डायकास्टलाच, कारण झाकण उचलल्यावर बारा सिलिंडरच्या इंजिनावर आडवा बसवलेला थंडाव्याचा पंखा दिसतो. वजन वाचवण्यासाठी खऱ्या गाडीत गिअरच्या दांड्याची मूठ बाल्सा लाकडाची होती. ती लाकडी रंगात रंगवलेली आढळली, की निर्मात्याने अभ्यास केला आहे हे मी समजून जातो.

जतन करताना उन्हापासून जपावे लागते, हे सर्वांना ठाऊक असते. टायरकडे मात्र दुर्लक्ष होते. मऊ टायरमधील द्रव्य कालांतराने पाझरते आणि मॉडेल ठेवण्याच्या पेटीच्या ॲक्रिलिकच्या तळाला चिकटून तिथे डाग पाडते. म्हणून मी चाके तळापासून केसभर वर राहतील अशा बेताने गाडीच्या पोटाखाली छोटा आधार ठेवतो.