आता दिसायला लागलं

"वीज वाचवताय की काय?"

चित्रांच्या अंधुक दालनात शिरल्या शिरल्या एका आजोबांनी विचारलं. प्रश्न नेहमीचाच, उत्तरही पाठ. कागदावरचे जलरंग उजेडाने विटतात, विटलेला रंग परत येत नाही, म्हणून इथे उजेड साधारण ५० लक्सच; लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. ऑफिसात ३०० ते ५०० असतो. (हे आकडे सांगताना मला उगाच हुशार झाल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.)

आजोबा काही बोलले नाहीत. हात मागे बांधून चित्रासमोर उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. मग हळूच म्हणाले, "आता दिसायला लागलं. ती पेन्सिल बघा."

निळ्या रंगाखाली एक पुसट रेघ. होडी आधी डावीकडे काढलेली, मग चित्रकाराचा विचार बदलला असावा. तिच्यावरून सरळ पाणी रंगवून टाकलंय.

गेले चार महिने दर शनिवारी मी स्वयंसेवक म्हणून त्याच चित्राशेजारी उभी असते. लोकांना स्वच्छतागृह दाखवते, "फ्लॅश नको" म्हणते. ती होडी मला एकदाही दिसली नव्हती.

पुढच्या महिन्यात हे चित्र उतरवून अंधाऱ्या कपाटात ठेवतील, विश्रांतीला. माझे तीन शनिवार उरलेत. त्या भिंतीवर अजून काय काय बघायचं राहिलंय?