वाट बघितली म्हणून बाद

अमेरिकेत डॉक्टरांना हॉस्पिटलात ट्रेनिंगची जागा मिळाली की नाही हे ज्या आठवड्यात कळतं, त्या मॅच वीकच्या सोमवारी मेल येतो. तो उघडावा लागतच नाही, फोनवर वर जी अर्धी ओळ दिसते ना नोटिफिकेशनची, त्यातच सॉरी दिसतं आणि संपलं. माझं दुसऱ्यांदा झालं हे. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, पण तू आधीच डॉक्टर आहेस ना? मग परत कसलं डॉक्टर व्हायचंय?" गेली काही वर्षं मी त्यांना हे समजावतेय आणि दरवेळी समजावताना माझंच मला पटत नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

तर मी भूलतज्ज्ञ. २०११ ला एमबीबीएस, २०१५ ला एमडी, मग चार वर्षं प्रॅक्टिस, दिवसरात्र ऑपरेशन थिएटर. २०१९ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलो. मला वाटलं होतं एक परीक्षा असेल, फारतर दोन, अभ्यासाची सवय आहेच आपल्याला. ओळखीतल्या सगळ्यांनाही असंच वाटतं की परदेशात डॉक्टर व्हायचं म्हणजे परीक्षा फार कठीण असतात. असतात, पण त्या पास होता येतात हो. परीक्षेचं काय, पुस्तक घ्या, प्रश्न सोडवा, बसा. अडतं ते दुसरीकडेच.

आधी थोडक्यात सिस्टीम सांगते. अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरला आयएमजी म्हणतात. आयएमजीची कागदपत्रं तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था म्हणजे ईसीएफएमजी, ही १९५६ पासून आहे. तिचं सर्टिफिकेट मिळवायला युएसएमएलई या इथल्या लायसन्स परीक्षेची स्टेप वन आणि स्टेप टू सीके पास व्हायची, कॉलेजकडून डिग्री व्हेरिफाय करून घ्यायची, इंग्रजीची ओईटी द्यायची. हे सगळं झालं की तुम्ही काय झालात? तर अर्ज करायला पात्र. बस. लायसन्ससाठी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं ट्रेनिंग, लागते, आणि ती बहुतेक राज्यांत इथलीच लागते. म्हणजे मी एमडीला तीन वर्षं जी रेसिडेन्सी केली ती इथे जवळजवळ धरतच नाहीत, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. आणि त्या जागेसाठी मॅच, म्हणजे अर्ज करणारे आणि हॉस्पिटलं यांच्या जोड्या लावायची देशभराची पद्धत.

मॅचचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांतून शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांपैकी १०० तल्या ९३ जणांना जागा मिळाली, आणि माझ्यासारख्या, म्हणजे अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी ५८ च्या आसपास. आता हे ५८ सुद्धा कोण, तर सगळ्या परीक्षा पास झालेले, सर्टिफिकेटवाले. उरलेले ४२ नापास नाहीयेत, हे लक्षात घ्या. त्यांना जागा नाही एवढंच. जागा का नाहीत तर रेसिडेन्सीचा बराचसा पैसा मेडिकेअर या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यातून येतो आणि १९९७ च्या बजेट कायद्यात त्या जागांवर कमाल मर्यादेची जी टोपी बसवली ती तेव्हापासून थोडीशीच उचललीय, २०२० च्या शेवटी एक हजार जागा वाढवल्या त्याही एकदम नाही तर वर्षाला दोनशे अशा. बरं, देशात डॉक्टर कमी आहेत हे रोज बातम्यांत असतंच आणि इथल्या दर चार डॉक्टरांतला एक आधीच परदेशात शिकलेला आहे.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते म्हणजे वायओजी. इयर ऑफ ग्रॅज्युएशन. आयएमजी लोकांच्या ग्रुपवर हे आडनावासारखं लावतात. "वायओजी काय गं तुझं?" बऱ्याच रेसिडेन्सी प्रोग्रामनी फिल्टर लावलेला असतो की पदवी घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर अर्ज उघडायचाच नाही. आणि पदवी म्हणजे एमबीबीएस. एमडी नाही! माझी घड्याळातली टिकटिक २०११ ला सुरू झाली. त्यानंतर मी तीन वर्षं एमडी केलं, ते शिक्षण या हिशेबात वाया गेलेला काळ. चार वर्षं पेशंट झोपवले आणि सगळे उठवले (भूलवाल्यांचा हाच एक अभिमान असतो), तोही वाया गेलेला काळ. म्हणजे नुकतंच एमबीबीएस झालेला पोरगा, ज्याने अजून एकट्याने श्वासाची ट्यूब टाकलेली नाही, तो ताजा, आणि मी शिळी. जितकं जास्त शिकाल तितके शिळे होत जाता. भाजीचा नियम माणसाला लावलाय.

बरं मी इथे आल्यावर तरी रिकामी बसले का. एप्रिल २०२० ची स्टेप वनची तारीख होती, मार्चमध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रं बंद झाली. तारीख पुढे, परत पुढे. तेव्हा स्टेप टू सीएस नावाची एक वेगळी परीक्षा होती, एका दिवसात बारा खोटे पेशंट तपासायचे, आणि जगात कुठेही राहत असाल तरी ती द्यायला अमेरिकेतल्या पाचपैकी एका शहरात यायचं. तीही मार्च २०२० ला थांबवली, मी तिचा अभ्यास करून बसलेली, आणि जानेवारी २०२१ ला सांगितलं की कायमची बंद. मग तिच्या जागी पाथवे, म्हणजे सर्टिफिकेटचे वेगवेगळे मार्ग आले, त्यांचे नियम वाचा. मधे मुलगी झाली. मग कॉलेजचं व्हेरिफिकेशन. त्यासाठी कॉलेजमधल्या अधिकृत माणसाने स्वतः ऑनलाइन कागद तपासून हो म्हणायचं असतं. आमच्या कॉलेजात ज्यांची सही रेकॉर्डला होती ते रिटायर झालेले, नव्या सरांचं नाव अजून कळवलेलं नाही, क्लार्क म्हणतात मेल आलाच नाही, मेल स्पॅममध्ये, स्पॅममधून निघाला तर लिंकची मुदत संपलेली. सात महिने! सात महिने मी रात्री जागून तिकडच्या ऑफिसच्या वेळेत फोन केलेत, शेवटी क्लार्ककाकांना माझ्या मुलीचं नाव पाठ झालं होतं.

आणि हे सगळं होईपर्यंत घड्याळ चालूच. इंटरव्ह्यूला (दोन वर्षांत मिळून तीन आले फक्त) पहिला प्रश्न काय तर, "तुमच्या सीव्हीत ही गॅप दिसतेय." अहो, ती गॅप तुमचीच आहे! तुम्हीच केंद्रं बंद केलीत, तुम्हीच परीक्षा रद्द केलीत, तुम्हालाच कागद हवा होता. वाट बघायला लावायची आणि मग वाट बघितली म्हणून बाद करायचं. हे मी तिथे बोलले नाही अर्थात. तिथे मी हसून म्हणाले की या काळात मी खूप काही शिकले.

गॅप भरायला म्हणून ऑब्झर्वरशिप करतात लोक, मीही केली. नावाप्रमाणेच, बघायचं फक्त. पेशंटला हात लावायचा नाही, नियमच आहे, लायसन्स नाही ना. एक दिवस एका आजीबाईंना शिरेतली लाईन लागत नव्हती, नर्सने तीनदा प्रयत्न केला, हात सुजला, आजी रडायला आल्या. मी दोन फुटांवर हात मागे बांधून उभी. मला ती शीर दिसत होती. माझ्या बोटांना कळत होतं कुठल्या कोनात जायचं ते. शेवटी कोणीतरी अल्ट्रासाऊंड घेऊन आलं तोवर वीस मिनिटं गेली. त्या दिवशी घरी येऊन मी खूप भांडले नवऱ्याशी, बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

आता कोणी म्हणेल की मग काय सगळ्यांना थेट लायसन्स वाटायचं का. नाही बाबा, मी स्वतः भूल देते, मला माहितीय चूक कितीला पडते ते. आणि शिकायला लागतं हे खरंच आहे, पहिल्या आठवड्यात मी ॲड्रेनालिन म्हटलं तर इथे ते एपिनेफ्रिन, सॅल्ब्युटामॉल म्हटलं तर अल्ब्युटेरॉल, आपलं साधं पॅरासिटामॉल म्हटलं तरी लोक दोन सेकंद थांबायचे. घाईच्या वेळी दोन सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. कोर्टकचेऱ्यांची भीती, नोट लिहायची पद्धत, पेशंटला सगळं आधी सांगून संमती घेणं, हे सगळं वेगळं आहे. पण हे शिकायला सहा महिने सुपरव्हिजनखाली घ्या, वर्ष घ्या, माझी ना नाही. मुळात आयएमजींच्या हातून पेशंटचं नुकसान होतं का हे लोकांनी तपासून बघितलंय. २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॉस्पिटलात दाखल झालेल्या मेडिकेअरच्या पेशंटांवरचा मोठा अभ्यास आला होता, त्यात आयएमजींनी बघितलेल्या पेशंटांत ३० दिवसांतले मृत्यू ११.२ टक्के आणि अमेरिकेत शिकलेल्यांच्या पेशंटांत ११.६ टक्के. फरक छोटा आहे, पण निदान उलटा तर नाही ना.

आणि मनात आलं तर दार उघडता येतं हेही बघितलं आम्ही. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीने बाहेरच्या देशांत लायसन्स असलेल्या डॉक्टरांना तात्पुरतं लायसन्स द्यायला सुरुवात केली होती. मी दुसऱ्या राज्यात होते, घरात बसून बातम्या बघत होते, त्यांत व्हेंटिलेटर लावायला माणसं नाहीत म्हणून सगळे सांगत होते आणि व्हेंटिलेटर हेच तर माझं रोजचं काम.

हल्ली काही राज्यांनी कायदे बदललेत. २०२३ ला टेनेसीने सुरुवात केली, इथली रेसिडेन्सी न करता आधी प्रोव्हिजनल लायसन्स, दोन वर्षं देखरेखीखाली काम, मग पूर्ण. ग्रुपवर त्या दिवशी नुसता जल्लोष होता. मग हळूहळू लोकांनी बारीक अक्षरं वाचली. लायसन्स मिळालं तरी बोर्ड सर्टिफिकेशनला, म्हणजे त्या विषयातला तज्ज्ञ असल्याच्या प्रमाणपत्राला, सहसा पुन्हा इथलीच रेसिडेन्सी लागते, आणि बोर्ड नसेल तर बरीच हॉस्पिटलं आणि इन्शुरन्सवाले जवळ उभं करत नाहीत. फ्लोरिडाने २०२४ ला असाच कायदा केला, त्यात अट काय, तर अर्जाच्या आधीची चार वर्षं सलग प्रॅक्टिस केलेली हवी. झालं, मी बाद. इथे येऊन वाट बघत बसलेले जे हजारो लोक आहेत, ज्यांच्यावरून ही सगळी चर्चा सुरू झाली, त्यातले बहुतेक त्या एका ओळीत बाद. हा कायदा अजून विमानात न बसलेल्यांसाठी आहे.

नर्सचं बरं असतं असं मला वाटायचं. त्यांना पुन्हा शिकायला लावत नाहीत, कागद तपासून एनक्लेक्स ही त्यांची परीक्षा पास झालं की लायसन्स. माझी एक मैत्रीण आयसीयू नर्स, एनक्लेक्स पहिल्या झटक्यात पास. पण तिचं अडलं व्हिसाला. ईबी थ्री या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे, आणि व्हिसासाठी जे व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट लागतं त्याची मुदत पाच वर्षं. म्हणजे एका रांगेत उभं राहून तेच सर्टिफिकेट दोनतीनदा काढायचं, का, तर रांग हलत नाही म्हणून. ती आता इंग्लंडला गेली. तिथेही आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा मग दहा स्टेशनांची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, पण निदान काही महिन्यांत ती वॉर्डात होती. इंग्लंडमध्ये बाहेरून आलेल्या डॉक्टरांना जी प्लॅब परीक्षा द्यावी लागते तिचंही मुदतीचं तेच आहे, पार्ट टू पास झाल्यावर दोन वर्षांत रजिस्ट्रेशन नाही झालं तर ती परीक्षा गेली, आणि हल्ली प्लॅब पास होऊन नोकरीशिवाय बसलेले कितीतरी जण आहेत. जर्मनीवाला एक बॅचमेट आहे, तो म्हणतो तुमच्याकडे निदान एकच ईसीएफएमजी, आमच्याकडे सोळा राज्यं आणि प्रत्येक राज्याचं ऑफिस वेगळं.

एक गोष्ट मात्र टोचते ती लिहूनच टाकते. युक्रेनहून मेडिकलची मुलं भारतात परत आली २०२२ ला, तेव्हा मीही घरात बसून म्हणत होते की बाहेर शिकलेल्यांना भारतात प्रॅक्टिस करायला एफएमजीई परीक्षा हवीच, ३०० पैकी १५० मार्क काय मोठे, पास होत नाहीत म्हणजे शिकवलंच नसणार. शेवटचं वर्ष युद्धामुळे ऑनलाइन झालं म्हणून त्यांच्यातल्या काहींना इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षं करायला लावली, तेव्हाही मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. युद्ध त्यांनी सुरू केलं नव्हतं, आणि वर्षं मात्र त्यांचीच गेली. हे माझ्या डोक्यात यायला मला माझा दुसरा सोमवार उजाडावा लागला.

सध्या मी एका रिसर्च प्रोजेक्टवर कोऑर्डिनेटर आहे. काम म्हणजे ट्रायलमध्ये येणाऱ्या पेशंटना समोर बसवून वीस पानी संमतीपत्र साध्या इंग्रजीत समजावून सांगायचं, त्यांच्या शंका ऐकायच्या, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. दिवसाला पाचसहा जण, तीन वर्षं झाली. लोक जाताना थँक यू डॉक्टर म्हणतात, मग मी त्यांना सांगते की मी इथली डॉक्टर नाही. सप्टेंबरात पुन्हा अर्ज करायचाय, तिसऱ्यांदा, आणि काल यादी काढताना लक्षात आलं की माझ्या ओईटीला दोन वर्षं होऊन गेली, मुदत संपली. त्यामुळे आता पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून जायचंय, समोर एक जण पेशंट बनून बसणार आणि मी त्याच्याशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवणार, की मला पेशंटशी इंग्रजीत बोलता येतं.